वहिनींचा हात आणि बत्तीसचं रिव्हॉल्व्हर

छत्रपती संभाजीनगरात आमचं शस्त्रविक्रीचं परवानाधारक दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. तेव्हाचं गिऱ्हाईक म्हणजे रानडुकरांनी मका आडवा केला म्हणून बारा बोअरची बंदूक घ्यायला आलेला शेतकरी. आताच्या गिऱ्हाइकाला कमरेला लावायचं काहीतरी हवं असतं. त्यातही गेल्या आठ-दहा वर्षांत एक मागणी पुन्हापुन्हा ऐकू येते: “मिसेससाठी एखादं छोटं दाखवा.” अशाच एका मागणीची ही हकीकत. नावं देत नाही, ओळख पटेल अशा दोन-चार खुणाही बदलल्या आहेत.

२०२४ ची दिवाळी नुकतीच झाली होती. बीड जिल्ह्यात धुळे-सोलापूर महामार्गाला लागून या जोडप्याचा पेट्रोल पंप. भाऊ ठेकेदार, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. पंप खरा चालवतात त्या वहिनी. वय चाळीसच्या पुढे, बी.कॉम., हिशोबाला पक्क्या. ऑगस्टमध्ये त्या रोकड घेऊन बँकेत निघाल्या असताना दोन मोटारसायकलींनी त्यांची गाडी अडवायचा प्रयत्न केला. ड्रायव्हरने गाडी न थांबवता थेट ठाण्यात नेली म्हणून निभावलं. तक्रार नोंदलेली होती आणि तिची प्रत भाऊंनी सोबत आणली होती.

भाऊंनी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवली. “माझ्याकडं अशनी पिस्तूल हाय. हिला त्याच्यापेक्षा बारकं, हलकं, पर्समधी बसंल असं बघा. ज्यादा ताकद लागू नये. एकदम इझी.”

वहिनी मागच्या बाकावर चहा पीत होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही, हे आधीच कबूल करतो.

आधी परवाना, मग हत्यार, हे मी पहिल्या दिवशीच स्पष्ट केलं. लोक उलटं धरून चालतात. भाऊंचं उत्तर तयार होतं, “तवर माझंच ठेवील की जवळ. नवरा-बायकोत काय आलंय?” शस्त्र कायदा नवरा-बायको ओळखत नाही. परवाना ज्याच्या नावावर त्यानेच हत्यार बाळगायचं. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेण्यासाठी लेखी अधिकारपत्र देऊन दुसऱ्याच्या हाती पाठवता येतं, तेवढीच कलम ३ ची सवलत. नवऱ्याचं पिस्तूल बायकोच्या ड्रॉवरमध्ये सापडलं तर ते विनापरवाना शस्त्र. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे, आणि भाऊंचा स्वतःचा परवाना जाईल तो वेगळाच.

हे ऐकताना वहिनींनी भाऊंकडे ज्या नजरेने बघितलं, त्यावरून ऑगस्टपासून पंपाच्या ड्रॉवरमध्ये काय असतं ते मला समजलं. मी चहा पुन्हा मागवला आणि विषय तिथेच सोडला.

मग मी तेच केलं जे कोणताही दुकानदार करतो. बाईमाणूस म्हटल्यावर थेट ‘निर्भीक’ काढलं. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने हे रिव्हॉल्व्हर जानेवारी २०१४ मध्ये आणलं. २०१२ च्या दिल्लीच्या घटनेची पार्श्वभूमी होती आणि जाहिरात सगळी महिलांसाठी. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन ५०० ग्रॅम, बत्तीस बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप), सहा गोळ्या. तेव्हा किंमत १,२२,३६० रुपये होती. दागिन्याच्या डबीसारख्या मरून पेटीत ते येतं. पेटी बघून वहिनी पहिल्यांदा बोलल्या, “हे काय, राणीहाराची डबी हाय का?”

हत्यार रिकामं असल्याचं मी बघितलं, भाऊंना दाखवलं आणि वहिनींना चक्रीच्या सहाही घरांत बोट घालून बघायला लावलं. मग डमी काडतुसं भरली आणि समोरच्या विटांच्या भिंतीवर नेम धरून दहा वेळा नुसता चाप ओढायला सांगितलं, घोडा, म्हणजे काडतुसावर आदळणारा मागचा भाग, अंगठ्याने मागे न ओढता.

पहिले दोन ठीक गेले. चौथ्याला नळीचं तोंड उजवीकडे खाली झुकायला लागलं. सहाव्याला त्यांनी दुसऱ्या हाताचंही बोट चापात घातलं. आठव्याला हत्यार खाली ठेवून त्या म्हणाल्या, “बोट दुखायलंय.”

भाऊ हसले. “आगं, रोज भाकऱ्या थापती अन् एवढं होईना?”

“भाकऱ्या मी कवा थापल्या? मावशी थापत्यात. मी पंप बघते.”

इथे गफलत भाऊंची होती तशी माझीही. हलकं म्हणजे सोपं, असं दोघांनी गृहीत धरलं होतं. हत्यार उचलायला किती जड आणि चालवायला किती जड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिव्हॉल्व्हरच्या एका ओढीत घोडा मागे जातो, चक्री एक घर फिरते आणि मग घोडा सुटतो. हे सगळं काम एकट्या तर्जनीने करायचं असतं. १० मीटर एअर पिस्तूलच्या स्पर्धेत चापाचं किमान वजन ५०० ग्रॅम ठेवावं लागतं. रिव्हॉल्व्हरची पूर्ण ओढ त्याच्या कितीतरी पट, काही किलोंत जाते. ओढायचा भार हत्याराच्या वजनाहून जास्त झाला की हत्यार बोटाकडे ओढलं जातं. शिवाय गोळी तीच आणि हत्यार नेहमीच्या पोलादी रिव्हॉल्व्हरपेक्षा दोनशे ग्रॅमने हलकं, म्हणजे तो धक्का हातालाच जास्त बसणार. बत्तीसचा धक्का तसा सौम्य आहे, मनगट मोडत नाही. पण ज्याने आधी कधी गोळी झाडलेली नाही, तो पहिल्या धक्क्यानंतर दुसऱ्या गोळीला डोळे मिटतो.

आखूड नळीचा आणखी एक हिशोब मी वहीवर काढून दाखवला, कारण वहिनींना आकडे पटतात. अशा रिव्हॉल्व्हरवर मागची खाच आणि पुढची माशी यांत साधारण बारा सेंटिमीटर अंतर असतं. माशी एका मिलिमीटरने हलली तर सात मीटरवर गोळी जवळपास सहा सेंटिमीटर सरकते. आठव्या ओढीला वहिनींची माशी एक नव्हे, चार-पाच मिलिमीटर हलत होती.

नंतर ‘निडर’ दाखवलं. बावीस बोअरचं, आठ गोळ्यांचं, अवघं २५० ग्रॅम. ते हातात घेतल्यावर वहिनींचा चेहरा खुलला. पण मूठ इतकी छोटी की करंगळी नि अनामिका हवेतच. बावीसच्या काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो, मध्ये नाही; त्यामुळे चाप ओढूनही गोळी न उडण्याचं प्रमाण मधल्या टोपीच्या काडतुसापेक्षा जास्त. मी हे समजावत होतो, तोवर वहिनींनीच ते खाली ठेवलं. “घरात आकरा वर्षाचं पोरगं हाय. त्याला हे खेळणंच वाटंल.” माझ्या यादीत हा मुद्दा नव्हता. तेव्हापासून आहे.

राहिलं पिस्तूल. भाऊंनी आपलं अशनी नूतनीकरणाच्या कामासाठी सोबत आणलंच होतं. ते काढून, मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, बाहेर घेऊन, “रिकामं हाय,” म्हणत त्यांनी काचेवर ठेवलं. आमच्या दुकानात असं कोणी म्हटलं की आम्ही ऐकत नाही. मी नळी भिंतीकडे वळवून स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली. चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या बुडाशी आधीच चढलेलं काडतूस उडून काचेवर पडलं आणि घरंगळत पेनस्टँडला जाऊन थांबलं.

दुकानात आवाज फक्त पंख्याचा.

भाऊ पंधरा वर्षांचे परवानाधारक. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, ही समजूत त्यांच्या एकट्याची नाही. घरात होणारे अपघात बहुतेक अशाच समजुतीतून होतात. मी त्यांना चारचौघांत बोललो नाही, पण वहिनींनी बघायचं ते बघितलं. तरीही मी त्यांना स्लाइड ओढायला शिकवली. भाऊंनी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दाखवलं होतं, ते वहिनींना जमेना. बत्तीस बोअरच्या पिस्तुलांत सहसा गोळीचा जोर थोपवायचं काम स्लाइडचं वजन आणि तिची स्प्रिंग हेच करतात, म्हणून स्प्रिंग कडक असते. डावा पंजा वरून पूर्ण लपेटायचा, हत्यार छातीजवळ घ्यायचं, डावा हात घट्ट धरायचा आणि उजव्याने मूठ पुढे ढकलायची. ओढायचं नाही, ढकलायचं. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. ताकदीपेक्षा रीत कामाला आली.

“जमतंय,” त्या म्हणाल्या, “पण हे नको. आत काय हाय ते दिसत न्हाई. त्या चक्रीत दिसतंय तरी.”

कानपूरची ही रिव्हॉल्व्हरं मधून मोडतात. कळ दाबून नळी खाली वाकवली की चक्री उघडी पडते आणि आतली काडतुसं एकदम वर येतात. भरलेलं की रिकामं, यात वादच उरत नाही. तज्ज्ञ या जुन्या बनावटीला नावं ठेवतात आणि ती ठेवण्यासारखीच आहे. पण वहिनींनी शोधलेला फायदा खरा होता.

भाऊंचा शेवटचा आग्रह वेगळाच. “दोघांचं बत्तीसच घेऊ. काडतुसं एकमेकांची चालतील.” चालत नाहीत. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस लांब, २३ मिलिमीटरचं, बुडाला कडा असलेलं. पिस्तुलाचं बत्तीस १७ मिलिमीटरचं. दोन्हींवर आपल्या खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’ शिक्का असतो, दोन्ही डब्यांवर बत्तीस लिहिलेलं, आणि गिऱ्हाईक फसतं. कायद्यानेही ज्याच्या परवान्यावर काडतुसं घेतली त्यानेच ती वापरायची. एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. (नऊ एमएम मागणारे तर रोज येतात. तो बोअर सामान्य नागरिकासाठी बंद आहे, हे त्यांना सांगून माझं तोंड दुखतं.)

त्या दिवशी काही ठरलं नाही, आणि तेच बरं झालं. मी वहिनींना एवढंच म्हटलं, “पुढच्या वेळी भाऊंना नाही आणलं तरी चालेल.” भाऊंना ते फारसं आवडलं नसावं.

अर्ज डिसेंबरात गेला. बीड जिल्ह्यात परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. आयुक्तालय असलेल्या शहरात तो पोलीस आयुक्तांकडे जातो, म्हणून आमच्याकडची माणसं गोंधळतात. कागद सगळे जोडले: वैद्यकीय दाखला, प्राप्तिकराची विवरणपत्रं, ऑगस्टच्या तक्रारीची प्रत, आणि २०१६ च्या नियमांत आलेला सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला.

नेमक्या त्याच महिन्यात, ९ डिसेंबर २०२४ ला, केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि बीडचं नाव देशभर गेलं. पाठोपाठ कमरेला पिस्तूल लावून, हवेत बार काढून केलेले व्हिडिओ लोकांनी उकरून काढले. जिल्ह्यात परवाने किती आणि कोणाकोणाला दिलेत, हा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. प्रशासनाने छाननी सुरू केली आणि शंभरावर परवाने रद्द झाले. त्या वातावरणात नवा अर्ज कोण पुढे सरकवणार? भाऊ चिडले होते. मला छाननीत काही गैर वाटलं नाही. माझ्या धंद्याला झळ बसली तरी म्हणतो, लग्नात बार काढणाऱ्याला परवाना असूच नये. त्यासाठी २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हे वरातीतल्या कोणाला माहीत नसतं.

फेब्रुवारीत चौकशीला ठाण्यातून बोलावणं आलं. वहिनी एकट्या गेल्या. अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारले. पहिला: हत्यार तुम्हाला पाहिजे का साहेबांना? म्हणजे एका घरात दुसरं आणायचा हा मार्ग तर नाही ना. दुसरा: रोकड तुम्ही स्वतःच का नेता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. परत आल्यावर त्यांनी बँकेशी बोलून दिवसाआड रोकड न्यायला गाडी सुरू केली, पंपावर दोन कॅमेरे वाढवले आणि रात्रीच्या पाळीला एक माणूस वाढवला. निम्म्याहून जास्त धोका बंदुकीशिवायच मिटला. मग मी सरळच विचारलं, आता हत्यार कशाला?

“रात्री साडेदहाला घरी जाताना चौदा किलोमीटर हाय. तेवढ्यासाठी,” त्या म्हणाल्या. “अन् पयल्यांदा यांना पायजे होतं म्हणून मी आले होते. आता मला पायजे.”

मधल्या महिन्यांत त्या दर पंधरा दिवसांनी यायच्या. बत्तीसचा सराव करायला जागा मिळणं आमच्याकडे सोपं नाही. बहुतेक नेमबाजी केंद्रं दहा मीटर एअर पिस्तूलची. मी त्यांना तिथेच पाठवलं. चाप एकसारखा मागे आणणं तिथेही शिकता येतं, धक्का आणि आवाज नंतर. तर्जनीसाठी घरी एक साधा व्यायाम दिला: कपडे वाळत घालायचा कडक चिमटा, बाकीची बोटं मिटून, फक्त तर्जनीने दाबायचा. पंपावर गिऱ्हाईक नसलं की त्या चिमटा घेऊन बसायच्या, आणि पोरं हसायची.

उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक दुकानात आले. सत्तरी ओलांडलेली, परवाना सोडून द्यायचा होता. अशा वयात हत्यार वारसाच्या नावावर करायची नियमात सोय आहे, पण मुलं पुण्यात, त्यांना नको होतं. त्यांचं कानपूरचं पोलादी बत्तीस, तीन इंची नळी, सातशे ग्रॅमच्या घरात, वीसेक वर्षं वापरलेलं. वापरलेलं म्हणजे गोळ्या झाडलेलं नव्हे. दर रविवारी काढून, पुसून, रिकामा चाप ओढून ठेवलेलं. त्यामुळे चाप लोण्यासारखा झाला होता. मी चक्रीचं प्रत्येक घर नळीसमोर येऊन घट्ट बसतं का ते बघितलं, सांध्यातला खुळखुळा तपासला, नळीत उजेड टाकला. हत्यार ठणठणीत होतं.

वहिनींनी त्यावर सलग बारा वेळा चाप ओढला. माशी हलली, पण एका मिलिमीटरच्या आसपासच. “हे जड हाय,” त्या म्हणाल्या. “पण हातात बसतंय. ते डबीतलं हातात नाचत होतं.”

‘प्रबल’ही मी दाखवलं असतं. ऑगस्ट २०२३ ला आलेलं, बाजूला उघडणाऱ्या चक्रीचं, वजन तेही ७०० ग्रॅमच. पण त्यांचं मन ठरलं होतं, आणि ते मोडण्यात माझा फायदा सोडून कोणाचा फायदा नव्हता.

परवाना ऑगस्ट २०२५ मध्ये आला, पाच वर्षांसाठी. हत्यार नावावर व्हायला सप्टेंबर उजाडला. त्या महिन्यात मराठवाड्यात पुराने हाहाकार माजवला होता, कार्यालयांना दुसरं काहीच सुचत नव्हतं, त्यामुळे नोंदीला आणखी दोन आठवडे गेले.

ते बाळगायचं कसं, यावरच सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि याचा विचार गिऱ्हाईक शेवटी करतं. भाऊंच्या डोक्यात पहिल्यापासून पर्स. पर्समध्ये किल्ल्या, मोबाइल, गोळ्यांचं पाकीट. किल्ली चापात अडकली की काय होईल ते सांगायला नको. पर्स हिसकावली तर हत्यारच चोराच्या हाती. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. साडीवर होल्स्टर बसत नाही. शेवटी वहिनींनीच तोड काढली. रात्री निघताना पंजाबी ड्रेस, कुर्त्याच्या आत रुंद कापडी पट्टा, त्यात चाप पूर्ण झाकणारं कडक चामड्याचं होल्स्टर. पट्टा बीडच्या एका शिंप्याने शिवून दिला, कमरेच्या दुखण्यासाठी हवा म्हणून सांगून. घरी पोचल्यावर हत्यार तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कप्प्यात, किल्ली त्यांच्या एकट्यांकडे. भाऊंचं पिस्तूलही आता त्याच तिजोरीत जातं. ही अट वहिनींची.

प्रत्यक्ष गोळीबार त्यांनी आतापर्यंत एकदाच केला आहे, रेंजवर, अठरा गोळ्या. पहिल्या तीन कुठे गेल्या देव जाणे. शेवटच्या सहापैकी पाच सात मीटरवरच्या वहीच्या पानाएवढ्या कागदात. मी समाधानी आहे, त्या नाहीत.

नोव्हेंबरात नगर परिषदांच्या निवडणुकांची आचारसंहिता लागली आणि हत्यारं जमा करायचे आदेश निघाले. ठाण्याऐवजी परवानाधारक दुकानातही जमा करता येतं, म्हणून दोघं आमच्याकडे आले. वहिनींनी रिव्हॉल्व्हर काढलं, नळी भिंतीकडे केली, कळ दाबून उघडलं आणि सहा रिकामी घरं माझ्यासमोर धरली. मी पावती लिहायला घेतली. तेवढ्यात भाऊंनी मॅगझिन काढून अशनी काचेवर ठेवलं.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. पिस्तुलाला त्यांनी हात लावला नाही. “आधी स्लाइड वढा.”

भाऊंनी नळी भिंतीकडे वळवून स्लाइड ओढली. काही पडलं नाही.

“आजून येकदा.”